दोनाचा उणे तीन घात म्हणजे एक कोळवं

दोनाचा उणे तीन घात किती, हा प्रश्न हेन्डरसनमधल्या कुठल्याही मराठी घरात जेवणाच्या टेबलावर टाकून पाहा. यीअर टेनमधले चिरंजीव ताटातून मान वर न करता 'मायनस एट' म्हणतील. बाबा म्हणतील, "अरे, एक अष्टमांश!" आणि 'का?' असं विचारलं की दोघंही गप्प. मुलाला उत्तर कुठे चुकलं ते कळत नाही आणि बाबांना बरोबर का आलं ते सांगता येत नाही. बाबांनी ते तीस वर्षांपूर्वी पाठ केलेलं असतं, आणि पाठ केलेली गोष्ट दुसऱ्याला समजावून देता येत नाही.

आम्ही हेन्डरसनची दोन-चार घरं रविवारी दुपारी मुलांना घेऊन एकत्र बसतो. चहा होतो, चिवडा होतो, अधूनमधून गणितही होतं. तिथे हा 'उणे आठ' इतक्या वेळा भेटला, की शेवटी त्याच्यावर चार पानं खर्च करायचं ठरवलं. वाचकहो, गणित म्हटल्यावर लगेच पान उलटू नका. पुढे घराच्या कर्जाचा हिशेबही आहे!

छपाईच्या सोयीसाठी एक खुलासा. पुस्तकात घातांक अंकाच्या डोक्यावर बारीक अक्षरात बसवलेला असतो. इथे आम्ही तो शब्दांत लिहिला आहे. 'दोनाचा तीन घात' म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे ८. खाली असतो तो 'पाया' आणि डोक्यावर असतो तो 'घातांक'.

मुलांची चूक मूर्खपणाची मुळीच नाही. उलट ती फार तर्कशुद्ध आहे. दोनाचा तीन घात आठ, मग तीनाच्या मागे उणे आलं तर आठाच्या मागेही उणे यायला हवं, असा तो हिशेब. त्यात भाषेने घोळ घातलेला. शाळेत शिक्षक 'नेगेटिव्ह थ्री' म्हणतात, घरी आपण 'वजा तीन' म्हणतो, आपल्या जुन्या पुस्तकात 'ऋण घातांक' असतं. एवढीशी आडवी रेघ तीन तीन कामं करते. 'सातातून तीन वजा' म्हटलं की ती काढून घ्यायला सांगते. 'उणे तीन अंश तापमान' म्हटलं की शून्याच्या खालची बाजू दाखवते. आणि घातांकावर बसली की 'आता गुणू नकोस, भाग' असं सांगते. एकाच नोकराला तीन मालक असले म्हणजे जे होतं तेच इथे होतं.

आमच्यातल्या एका घरातल्या मुलीने या प्रकरणापायी गणित सोडायचं मनावर घेतलं होतं. इथल्या बहुतेक शाळांत यीअर इलेव्हननंतर गणित घ्यायलाच हवं असं नसतं. विषय निवडीच्या कागदावरची खूण काढली की संपलं. पण त्या एका खुणेबरोबर इंजिनिअरिंग, फिजिक्स, अकाउंट्सचा बराच भाग असे कितीतरी दरवाजे पुढे जड होतात, हे पंधराव्या वर्षी कुणाला कळणार? "मला ते साइन्स कधी कळणारच नाहीत. कधी मायनस येतं, कधी येत नाही. आय जस्ट गेस," असं ती म्हणाली. वडील म्हणाले, "पाठ कर, झालं." तिने पाठही केलं, आणि पुढच्याच टेस्टमध्ये कंस आल्यावर सगळं कोलमडलं.

मार्ग दाखवला तो तिच्या आजीने. आजी सहा महिन्यांसाठी साताऱ्याकडून आल्या होत्या, आणि तांदूळ मोजायच्या प्लॅस्टिकच्या कपाला नावं ठेवत होत्या. त्यांच्या लहानपणी घरात मापांचा संचच असायचा. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अडशिरी, पायली! आमच्यापैकी काहींनी ही नावं ऐकली होती, पण त्यांचा क्रम मात्र आजींनीच लावून दिला. दोन निळवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अडशिरी, दोन अडशिऱ्या म्हणजे पायली. (अडशिरीला काही ठिकाणी अधोली म्हणत. गावोगावी मापं थोडी लहानमोठी असत, पण दुपटीचा हिशेब तोच.)

मंडळी, ही नुसती मापं नाहीत, हा दोनाच्या घातांचा जिना आहे. शेर हे आपलं एक. त्यावर एक पायरी चढलं की अडशिरी, म्हणजे दोनाचा एक घात. दोन पायऱ्या चढलं की पायली, चार शेर, दोनाचा दोन घात. आता शेरावरून खाली उतरा. एक पायरी खाली मापटं, अर्धा शेर, हा दोनाचा उणे एक घात. दोन पायऱ्या खाली चिपटं, पाव शेर, उणे दोन घात. तीन पायऱ्या खाली कोळवं, शेराचा आठवा भाग, उणे तीन घात. आणि चौथ्या पायरीला निळवं, सोळावा भाग. घातांक म्हणजे फक्त कितव्या पायरीवर उभे आहोत त्याचा आकडा. अधिक असेल तर शेराच्या वर, उणे असेल तर शेराच्या खाली.

आणि शेर स्वतः? शून्य पायऱ्या चढलो, शून्य उतरलो, जिथे होतो तिथेच आहोत. म्हणून दोनाचा शून्य घात एक. 'शून्य म्हणजे काहीच नाही, मग उत्तर शून्य का नाही?' ही मुलांची दुसरी नेहमीची शंका इथे आपोआप सुटते. काहीच केलं नाही म्हणून शेर नाहीसा होत नाही.

आता ती मुलगी हट्टाने म्हणाली, "पण आजी, उणे आहे ना? मग ते झिरोच्या खाली नको का जायला?" त्यावर आजी म्हणाल्या, "अगं, कोळव्यात तांदूळ असतातच की! शेरापेक्षा कमी असतात, पण असतात."

आमच्या मते सगळं मर्म या एका वाक्यात आलं. उणे घातांक उत्तराला लहान करतो (पाया एकापेक्षा मोठा असला तर), पण शून्याच्या पलीकडे ढकलत नाही. भरलेलं माप कितीही वेळा निम्मं करा, रिकामं होत नाही, आणि रिकाम्याहून रिकामं तर मुळीच होत नाही. धन संख्येला धन संख्येने भागत राहिलं, तर उणे कुठून येणार?

ज्यांना तांदूळ पटत नाहीत, त्यांनी ताळा करून पाहावा. तीन पायऱ्या चढून तीन पायऱ्या उतरलं की माणूस मूळ जागी येतो. म्हणजे दोनाचा तीन घात गुणिले दोनाचा उणे तीन घात बरोबर एक यायलाच हवं. आठाला एक अष्टमांशाने गुणा, एक येतो. आठाला उणे आठाने गुणा, उणे चौसष्ट येतात. ताळा जुळत नाही, खेळ खलास. हा ताळा परीक्षेतही अर्ध्या मिनिटात होतो, म्हणून मुलांच्या वहीवर आम्ही तो मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला लावला आहे.

आपल्या जुन्या नाण्यांतही हाच जिना होता. रुपया, अधेली, पावली, चवली, आणा, ढब्बू, पैसा. रुपयाचा निम्मा, पाव, आठवा, सोळावा, बत्तिसावा, चौसष्टावा भाग. ढब्बूपर्यंत पाच पायऱ्या, पैशापर्यंत सहा. १ एप्रिल १९५७ ला भारतात नवे पैसे आले आणि हा जिना मोडला. मापंही १९५६ च्या कायद्यानंतर हळूहळू दशमान झाली. हिशेब सोपे झाले यात शंका नाही, पण निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं असं बोटांवर खाली उतरायची सवय गेली. जुनी माणसं निमकी, पावकी पाठ म्हणत. दोनाचे उणे घातच म्हणत होती ती, फक्त त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं! वरच्या बाजूलाही सोळा पायल्यांचा मण, म्हणजे चौसष्ट शेर, दोनाचा सहा घात. पुढे वीस मणांची खंडी आली आणि हा दुपटीचा हिशेब फसला. वीस कुठून काढले कोण जाणे.

आता खरी गंमत. वर पाया दोन होता, सरळ स्वभावाचा. पायाच उणे असला तर? कंसात उणे दोन, आणि त्यावर घात. इथे मात्र चिन्ह बदलतं, पण ते घातांकाच्या उणेपणामुळे नाही. एक नाणं हातात आहे अशी कल्पना करा, छापा वर. उणे दोनाच्या जिन्यावर वर जा की खाली, दर पायरीला नाणं एकदा उलटतं. चढताना दुप्पट आणि पालटी, उतरताना निम्मं आणि पालटी. म्हणून उतरताना क्रम असा लागतो: १, उणे १/२, अधिक १/४, उणे १/८, अधिक १/१६. सम पायऱ्यांवर छापा, विषम पायऱ्यांवर काटा. चार पायऱ्या वर गेलात काय आणि चार खाली उतरलात काय, नाणं चारदाच उलटलं. म्हणजे चिन्ह ठरवायला दोनच प्रश्न विचारायचे: पाया उणे आहे का, आणि असला तर पायऱ्या सम की विषम? घातांकाच्या मागचं उणे चिन्ह या प्रश्नात मतच देत नाही. ते फक्त अंश आणि छेद यांची अदलाबदल करतं. (हे पूर्णांक घातांकांपुरतं. अर्धा घात म्हणजे वर्गमूळ, आणि उणे दोनाचं वर्गमूळ काढायला गेलं की वेगळीच दुनिया सुरू होते. ती पुन्हा कधीतरी.)

त्या मुलीचं घोडं अडलं होतं ते मात्र कंसात. कंस नसेल तर 'उणे दोनाचा चार घात' यात घात फक्त दोनाचा. आधी दोनाचे सोळा करायचे आणि मग बाहेर उभं असलेलं उणे जोडायचं, म्हणजे उणे सोळा. कंस घातला तर उणेसुद्धा आत, चार वेळा उलटतं, उत्तर अधिक सोळा. उणे चार घातालाही तेच: कंसाशिवाय उणे १/१६, कंसात अधिक १/१६. बाहेरचं उणे म्हणजे दारात चप्पल काढून उभा असलेला पाहुणा. घरातल्या पंगतीत तो धरायचा नाही.

यावरून घरात भांडणंही होतात, कारण यंत्रांचं एकमत नाही. शाळेतल्या कॅसिओ कॅल्क्युलेटरवर कंसाशिवाय उणे दोनाचा वर्ग मागितला तर तो उणे चार देतो, म्हणजे गणिताच्या पुस्तकाप्रमाणे. ऑफिसात आपण वापरतो त्या एक्सेलमध्ये तेच तसंच टाकलं तर उत्तर अधिक चार! एक्सेल आधी उणे चिटकवतं आणि मग वर्ग करतं. दोघंही आपापल्या नियमाने चालतात. तेव्हा बाबांनी लॅपटॉप उघडून मुलाचं उत्तर खोटं ठरवू नये. कंस घालावा, म्हणजे कुठल्याच यंत्राला वाव राहत नाही.

आता कबूल केल्याप्रमाणे कर्ज. ऑकलंडमध्ये दोन मराठी माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला मॉर्गेज निघतं. त्या हप्त्याच्या सूत्रात हा उणे घात ठाण मांडून बसलेला असतो. कर्जाला एका हप्त्याच्या व्याजदराने गुणायचं, आणि एकातून 'एक अधिक व्याजदर' याचा उणे इतक्या हप्त्यांचा घात वजा करून जे येईल त्याने भागायचं. नमुन्यादाखल पाच लाख डॉलरचं कर्ज, सहा टक्के व्याज, तीस वर्षं, दर पंधरवड्याला हप्ता असं धरू. हप्ते झाले ७८०. तो उणे ७८० घात येतो सुमारे ०.१६६, आणि हप्ता येतो सुमारे १३८३ डॉलर. आता आमच्या 'मायनस एट'वाल्या पद्धतीने तोच घात उणे ६.०४ धरला, तर हप्ता येतो फक्त १६४ डॉलर! असं कर्ज कुठे मिळत असेल तर आम्हालाही कळवा. पण पहिल्या पंधरवड्याचं नुसतं व्याजच ११५४ डॉलर होतं. १६४ डॉलर भरून मुद्दल फिटणं दूरच, ते वाढतच जाईल.

हेच उलटं करून बचतीला लावता येतं. पाच वर्षांनी मुलीच्या युनिव्हर्सिटीसाठी दहा हजार डॉलर हवेत, आणि (करबिर बाजूला ठेवून) वर्षाला सहा टक्के मिळतील असं धरलं, तर आज किती ठेवावे? दहा हजार गुणिले १.०६ चा उणे पाच घात, म्हणजे सुमारे ७४७३ डॉलर. अधिक पाच घात म्हणजे पाच वर्षं पुढे, उणे पाच घात म्हणजे पाच वर्षं मागे. 'ऋण' हा शब्द कानावर पडला की आपल्याला देणंच आठवतं, पण इथे ऋण घातांकातून मिळतो तो चांगला रोख आकडा.

पुढे-मागे जाण्यावरून लॉर्ड रदरफर्ड आठवले. न्यूझीलंडच्या शंभर डॉलरच्या नोटेवर ज्यांचं चित्र आहे ते, आणि आपल्या शेजारच्या टे अटाटूच्या शाळेला ज्यांचं नाव आहे तेही तेच. नेल्सनजवळ १८७१ साली जन्मलेल्या या माणसाने १९०० साली कॅनडात थोरियममधून निघणाऱ्या किरणोत्सारी वायूचा अभ्यास केला. त्याला दिसलं की साधारण दर मिनिटाला त्याची तीव्रता निम्मी होते. तीन मिनिटांनी आठवा भाग. म्हणजे पुन्हा आपलं कोळवं! आणि तीन मिनिटांपूर्वी आत्ताच्या आठपट. वेळ पुढे सरकते तसा दोनाचा घातांक एकेकाने उतरतो, पण वायू उणे कधीच होत नाही.

आणि हेन्डरसन म्हटल्यावर वाइनला विसरून कसं चालेल? लेबनॉनहून आलेल्या असिद अब्राहम कॉर्बन यांनी १९०२ साली इथे जमीन घेऊन 'माउंट लेबनॉन' नावाची द्राक्षबाग सुरू केली. त्या जागी आज कॉर्बन इस्टेट आर्ट्स सेंटर आहे, आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं तिथे चित्रकलेला जातात. वाइन करणारे ज्या पीएचवर लक्ष ठेवतात तो पीएचही उणे घातच. डेन्मार्कच्या सोरेनसेनने १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ही मोजणी काढली, म्हणजे मूळ बिअरवाल्यांची. आंबटपणा देणाऱ्या हायड्रोजन आयनांचं प्रमाण दहाच्या उणे घातात येतं. वाइनचं साधारण दहाच्या उणे तीन ते उणे चार घातापर्यंत. दर वेळी 'उणे' कोण लिहीत बसणार, म्हणून सोरेनसेनने फक्त तीन आणि चार ठेवले. त्यामुळे आकडा लहान तितकं आंबट जास्त, आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. तीन पीएचची वाइन चारच्या वाइनपेक्षा दहापट आम्लधर्मी. इथेही उणे घात आहे, पण प्रमाण शून्याखाली गेलेलं नाही.

दवाखान्यात काम करणाऱ्या आमच्या मैत्रिणींना हे सगळं सांगायची गरज नाही. दहाचा उणे तीन घात इतके ग्रॅम म्हणजे मिलीग्रॅम आणि दहाचा उणे सहा घात इतके ग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅम, आणि दोघांत हजारपटीचा फरक. म्हणूनच तिथे मायक्रोग्रॅम हा शब्द आखूड न करता पूर्ण लिहायचा आग्रह असतो.

थोडा इतिहास. उणे संख्यांचे नियम आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने ६२८ साली लिहिले. धन म्हणजे मत्ता, ऋण म्हणजे कर्ज, आणि दोन ऋणांचा गुणाकार धन. भास्कराचार्यांची लीलावती ११५० ची. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्याबद्दलचा १२०७ सालचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला, आणि त्यातला काही भाग चक्क मराठीत आहे. उणे घातांक मात्र नंतरचे. फ्रान्सच्या निकोला श्युकेने १४८४ साली ते वापरले, १६५६ साली इंग्लंडच्या वॉलिसने त्यांना नीट अर्थ दिला, आणि न्यूटनने १६७६ च्या पत्रात ते आज आपण लिहितो तसे लिहिले. म्हणजे या कल्पनेला रुळायला दोन शतकं लागली. पंधरा वर्षांच्या मुलीला दोन रविवार लागले तर बिघडलं कुठे? तिने गणित अजून तरी सोडलेलं नाही.

एक जागा मात्र जिन्याबाहेरची: पाया शून्य. शून्याचा उणे एक घात म्हणजे एकाला शून्याने भागणं. भास्कराचार्यांनी अशा राशीला 'खहर' असं नाव देऊन तिला अनंत मानलं. आजचं शाळेतलं गणित म्हणतं, असं उत्तरच नाही. कॅल्क्युलेटर 'एरर' दाखवतो तो मोडला म्हणून नव्हे.

आता मुलांना (आणि बाबांना) बसवा. आधी फक्त चिन्ह सांगायला लावा, आकडा मागाहून. कंसाशिवाय उणे तीनाचा उणे दोन घात. कंसात उणे तीन, त्याचा उणे दोन घात. तोच कंस, उणे तीन घात. दोन तृतीयांशाचा उणे दोन घात. आणि शेवटी कंसात उणे एक, त्याचा उणे नव्व्याण्णव घात. उत्तरं अनुक्रमे उणे १/९, अधिक १/९, उणे १/२७, अधिक ९/४ आणि उणे १. चौथ्याला उत्तर लहान होण्याऐवजी मोठं का झालं, हे विचारायला विसरू नका.